कोकणातील घरात उजळ आणि गडद रंगांची जोडी: पहिल्यांदाच रंग काढणाऱ्यांसाठी

तळकोकणातून गोव्यात आणि पुढे कारवारच्या किनाऱ्यावर जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीचे काम अजूनही कुठे कुठे पाहायला मिळते. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर काव, म्हणजे इकडची तांबडी माती मिसळलेला थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा उघडा करायचा, एवढीच त्याची कृती आहे. दोनच रंग, एक उजळ आणि एक गडद. पण त्यांतून वेली, मोर, देवदेवता आणि भौमितिक नक्षी इतकी स्पष्ट उभी राहते की सभामंडपातल्या अंधुक उजेडातही ती लांबून वाचता येते. उजळ-गडद रंगांची जोडी घरात बसवू पाहणाऱ्याने हे काम एकदा जवळून पाहून यावे, असे मला मनापासून वाटते, कारण त्यातला गडद रंग बाहेरून आणलेला नसून पायाखालच्या जमिनीतून आलेला आहे.

गावचे घर दुरुस्त करणारे, निवृत्तीनंतर कायमचे परतणारे आणि नवा बंगला बांधणारे बरेच जण मोबाइलवर चित्रे दाखवून विचारतात की, अशी काळी भिंत आमच्या हॉलमध्ये करता येईल का. करता येते, पण ती चित्रे बहुधा कोरड्या हवेतल्या, मोठ्या खिडक्यांच्या आणि पांढऱ्या छताच्या घरांची असतात. आपल्या घरात चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, तांबूस करडेपणा, सागवानी किंवा फणसाच्या लाकडाची तपकिरी खोली, कौलांखालचा काळोख आणि सारवलेल्या जमिनीची छटा आधीपासून असते. म्हणून इथे पहिला प्रश्न गडद रंग कुठे लावावा हा नसतो, तर असलेल्या गडदपणाला उजळ रंगाची साथ कुठे द्यावी हा असतो. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत आणि शक्यतो याच क्रमाने कराव्यात.

पायरी १: घरात आधीच असलेला गडदपणा मोजावा

सकाळी अकराच्या सुमारास सर्व खिडक्या उघडून, दिवे बंद ठेवून, प्रत्येक खोलीच्या चारही भिंतींचे, जमिनीचे आणि छताचे मोबाइलवर फोटो काढावेत आणि ते कृष्णधवल करून पाहावेत. रंगीत फोटोत तांबडा चिरा आणि हिरवी खिडकी वेगळी दिसतात, पण कृष्णधवल फोटोत दोन्ही एकसारख्या राखाडी झालेल्या दिसल्या, तर त्यांच्यात रंगाचा फरक असला तरी उजेडाचा फरक नाही, असे समजावे. ज्याला आपण ठळक विरोध म्हणतो तो मुख्यतः या उजेडाच्या फरकावर उभा असतो. नवख्या माणसाची सर्वांत मोठी गफलत इथेच होते. गडद निळा आणि गडद तपकिरी शेजारी ठेवून त्याला जोडी जमल्यासारखी वाटते आणि संध्याकाळी दोन्ही एकमेकांत विरघळून जातात.

अनेक रंगकंपन्या आपल्या शेडबरोबर एलआरव्ही नावाचा आकडा देतात. पृष्ठभागावर पडलेल्या उजेडापैकी किती परत फेकला जातो, हे तो ० ते १०० या मापात सांगतो. प्रत्यक्षात काळा रंग ५ च्या आसपास आणि चांगला पांढरा ८५ च्या आसपास असतो. ब्रिटनमध्ये कमी दिसणाऱ्या माणसांचा विचार करून इमारती आखताना भिंत आणि जमीन, भिंत आणि दार अशा लगतच्या पृष्ठभागांत या आकड्याचा किमान ३० चा फरक ठेवण्याची शिफारस आहे. घरात वडीलधारी माणसे असतील तर हा ३० चा आकडा मनात पक्का धरावा. केवळ शोभेसाठी जोडी हवी असेल तर फरक ५० च्या पुढे न्यावा, म्हणजे पावसाळी उजेडातही ती टिकते.

फोटो पाहून झाले की वहीत प्रत्येक खोलीपुढे दोन गोष्टी लिहाव्यात: या खोलीत कायम राहणारे गडद काय आहे आणि कायम राहणारे उजळ काय आहे. खांब, तुळया, वासे, दारांच्या चौकटी, फरशी, कडप्प्याचा ओटा आणि झोपाळा या गोष्टी आपण लगेच बदलणार नसतो. जुन्या माजघराच्या पानावर बहुतेक वेळा गडदची यादी लांबलचक निघते आणि उजळच्या रकान्यात एखादी भिंत उरते. अशा खोलीत आणखी गडद भिंत करण्याचा विचार तिथेच सोडावा. याउलट, स्लॅबच्या नव्या बंगल्यात पांढरे छत, पांढऱ्या टाइल्स आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्या असतील, तर गडद रंगाला खरी जागा तिथे आहे.

पायरी २: उजेड कोठून येतो ते वर्षभराच्या हिशोबाने पाहावे

कोकणातल्या जुन्या घरात उजेड टप्प्याटप्प्याने आत येतो. खळ्यात, म्हणजे अंगणात, डोळे दिपवणारे ऊन असते, पडवीत ते निवते, ओटीवर आणखी मंद होते आणि माजघरात पोहोचेपर्यंत त्याचा फक्त अंश उरतो. पडवी ही डोळ्यांना सरावण्याची जागा आहे. तिच्या आतल्या भिंती अगदी गडद केल्या तर आत येणारा माणूस उन्हातून एकदम अंधारात येतो आणि क्षणभर त्याला पायरीही दिसत नाही. म्हणून पडवीची भिंत मध्यम किंवा उजळ ठेवावी आणि गडदपणा खांबांना, कठड्याला आणि दाराला द्यावा.

ज्या भिंतीत खिडकी आहे ती भिंत गडद करू नये, हा नियम मी कोणत्याही खोलीसाठी मोडत नाही. खिडकीतून दिसणारे आकाश आणि तिच्याभोवतीची काळी भिंत यांतला फरक इतका तीव्र होतो की त्या भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याचे डोळे दुखू लागतात. खिडकीची भिंत आणि विशेषतः खिडकीच्या आतल्या बाजूचे जाड काठ पांढरे ठेवावेत. चिऱ्याची भिंत जाड असते, त्यामुळे हे काठ चांगले रुंद मिळतात आणि त्यांवर आपटून उजेड खोलीत पसरतो. गडद भिंत करायचीच असेल तर ती खिडकीच्या समोरची किंवा बाजूची निवडावी.

रत्नागिरीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत सूर्य दुपारी माथ्यावरून किंचित उत्तरेकडे जातो आणि डिसेंबरात तो दक्षिणेकडे क्षितिजापासून जेमतेम ५० अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या पडवीत थंडीत ऊन आत शिरते आणि पावसाळ्यात तीच पडवी दिवसभर मळभाच्या करड्या उजेडात असते. रंग एकाच ऋतूत पाहून ठरवला तर उरलेले आठ महिने तो वेगळाच दिसतो. शक्य असल्यास दोन बाय दोन फुटांच्या प्लायवर किंवा जाड पुठ्ठ्यावर निवडलेल्या रंगाचे दोन हात मारावेत आणि तो तुकडा सकाळी, दुपारी आणि दिवा लागल्यावर त्याच भिंतीला टेकवून पाहावा. भिंतीवरच हातभर चौकोन रंगवून पाहिल्यास आजूबाजूच्या जुन्या रंगामुळे डोळा फसतो, म्हणून तुकडा बरा.

कौलारू घरात दोन-चार काचेची कौले बसवणे हा गडद-उजळ रचनेचा सर्वांत स्वस्त भाग आहे. काळसर वाशांमधून येणारा उजेडाचा एक पट्टा पांढऱ्या भिंतीवर पडला की कोणत्याही महागड्या रंगाने होत नाही ते काम होते. तो पट्टा दिवसभरात कुठून कुठे सरकतो, हे आधी पाहून मगच त्या भिंतीचा रंग ठरवावा.

मच्छरदाणीच्या जाळीबद्दल थोडक्यात सांगतो. खिडकीला पांढरी जाळी लावली तर ऊन तिच्या तंतूंवरून पसरते आणि बाहेरचे माड धुक्यात असल्यासारखे दिसतात. काळी किंवा गडद करडी जाळी डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही.

पायरी ३: ओल तपासल्याशिवाय डबा उघडू नये

काही वर्षांपूर्वी आमच्या खाडीकाठच्या घरात माजघराची पश्चिमेकडची भिंत मी कोळशासारख्या करड्या रंगाने रंगवून घेतली. गणपती पंधरा दिवसांवर आले होते, माणसे मिळत होती आणि भिंत हाताला कोरडी लागत होती. आरतीच्या वेळी समईच्या उजेडात ती फार सुंदर दिसली, आणि ते मला आजही आठवते. मार्गशीर्षात जमिनीपासून साधारण हातभर उंचीवर पांढरी रेघ उमटली. बोट फिरवले तर पिठासारखी भुकटी हाताला आली आणि रंगाचा पापुद्रा सुटून खाली पडला. चिऱ्यातली ओल वर चढताना क्षार सोबत घेऊन आली होती आणि बाहेर पडायला वाट न मिळाल्याने तिने रंगच उचलला होता. यालाच आपल्याकडे भिंतीला लोणा लागणे म्हणतात. पांढऱ्या भिंतीवर हा लोणा वर्षभर कुणाच्या लक्षात आला नसता. गडद भिंतीवर तो खोलीत शिरताक्षणी दिसत होता.

या अनुभवातून जी गोष्ट मी शिकलो, ती अशी की ओलसर घरात गडद आणि उजळ हे दोन्ही रंग आपापला दोष उघडा करतात. गडद रंगावर लोणा, धूळ आणि खाऱ्या वाऱ्याचे पांढुरके डाग दिसतात. पांढऱ्यावर बुरशीचे काळे ठिपके दिसतात. म्हणून प्रत्येक भिंतीला कोणत्या दोषाची शक्यता जास्त आहे, ते पाहून रंग ठरवावा. जमिनीला टेकलेल्या, बाहेरच्या बाजूने पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीला लोणा लागण्याचा धोका असतो, तेव्हा तिला गडद प्लास्टिक रंग देऊ नये. दोन खोल्यांमधली आतली भिंत तुलनेने कोरडी असते आणि गडद रंग तिथेच सुखाने राहतो. न्हाणीघराला लागून असलेली भिंत आतली असली तरी ती बाहेरच्या भिंतीसारखीच धरावी.

तपासणी सोपी आहे. एक फूट बाय एक फूट प्लास्टिकचा जाड तुकडा भिंतीला चारही कडांनी टेपने हवाबंद चिकटवावा आणि २४ तासांनी पाहावा. आतल्या बाजूस दव जमले असेल किंवा भिंतीचा तेवढा भाग काळपट दिसत असेल, तर भिंत अजून ओली आहे. ही चाचणी जमिनीपासून हातभर उंचीवर, कमरेच्या उंचीवर आणि छताजवळ अशी तीन ठिकाणी करावी, कारण ओल खालून येते आहे की वरून गळते आहे, हे त्यावरून कळते. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर किमान २८ दिवस भिंत तशीच ठेवावी.

गणपतीच्या आधी घर रंगवण्याची आपली रीत मला प्रिय आहे, आणि चाकरमानी यायच्या आत घर उजळलेले असावे ही ओढही मी समजू शकतो. तरीही वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात श्रावणात रंग काढणे म्हणजे ओल आत कोंडणे होय. घराचा मुख्य रंग फेब्रुवारी ते एप्रिल या काळात उरकावा आणि श्रावणात केवळ पुसणे, धुणे आणि गणपतीच्या भिंतीची चित्रे एवढेच काम ठेवावे.

पायरी ४: आधी पांढरा ठरवावा

दुकानात गेल्यावर लोक गडद शेड निवडण्यात तास घालवतात आणि पांढरा कोणताही चालेल म्हणतात. माझ्या मते क्रम उलटा हवा, कारण घराचा मोठा भाग पांढराच असणार आहे. शेडकार्डवरचे पांढरे रंग एकमेकांशेजारी धरल्यावर काहींत निळसर झाक, काहींत पिवळसर आणि काहींत करडी झाक दिसते. चिरा, कौले आणि लाकूड यांच्या शेजारी निळसर पांढरा दवाखान्यासारखा कोरडा वाटतो. किंचित पिवळसर किंवा मातकट झाक असलेला पांढरा तिथे शांत बसतो. समुद्राकडे तोंड असलेल्या आणि काचेच्या मोठ्या खिडक्यांच्या नव्या घरात मात्र बाहेरून निळा उजेड भरपूर येतो आणि पिवळसर पांढरा मळका दिसू शकतो, तिथे करडी झाक बरी.

शेजाराचा हा परिणाम फार जुना आणि अभ्यासलेला आहे. पॅरिसच्या गोबलें या राजेशाही विणकाम कारखान्यातल्या रंगविभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेव्हरल यांच्याकडे तक्रार आली होती की, काळ्या सुताचा रंग फिका पडतो. त्यांनी पाहिले तर सुतात दोष नव्हता. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा निस्तेज भासत होता. १८३९ मध्ये त्यांनी या परिणामाचे नियम सविस्तर प्रसिद्ध केले. आपल्या घरात याचा अर्थ असा की, उघड्या तांबड्या चिऱ्याच्या शेजारी लावलेला साधा करडा रंग डोळ्याला हिरवट-निळसर वाटतो. पेंटरने चुकीचा डबा आणला, असे म्हणून भांडण करण्याआधी तो रंग चिऱ्यापासून दूर नेऊन पाहावा. चिऱ्याजवळ करडा हवाच असेल तर त्यात थोडी तपकिरी झाक मागून घ्यावी.

जुन्या चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंतीला, जिथे आधी प्लास्टिक रंग बसलेला नाही, तिथे चुन्याची सफेदी हा आजही माझा पहिला पर्याय आहे. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि तो अल्कली असल्याने त्यावर बुरशी सहजासहजी धरत नाही. विझवलेला आणि चांगला भिजवलेला चुना गाळून, पातळ करून, तीन हात द्यावेत. एकच दाट हात दिला तर तो सुटतो. चुन्याचे काम करताना डोळ्यांवर चष्मा आणि हातमोजे हवेतच. ज्या भिंतीवर आधी इमल्शन, म्हणजे प्लास्टिक रंग, आहे, तिच्यावर चुना धरत नाही. तिथे एक तर जुना रंग पूर्ण खरवडावा किंवा इमल्शनच वापरावे.

पायरी ५: गडद रंगाची जागा

शंभर भागांपैकी साठ भाग मुख्य रंगाला, तीस दुसऱ्याला आणि दहा तिसऱ्याला, असे एक ढोबळ प्रमाण सजावटीच्या क्षेत्रात सांगितले जाते. कोकणातल्या घरासाठी मी ते सत्तर आणि तीस असे दोनच भागांत मोजतो, आणि त्या तीस भागांत आधीचे लाकूड, फरशी आणि चिरा धरूनच मोजतो. उजळ आणि गडद अर्धे-अर्धे करू नयेत. दोघांपैकी एक जण घरधनी असावा लागतो, नाहीतर खोलीत डोळा कुठेच ठरत नाही.

पहिली जागा म्हणजे लाकूड. दारे, चौकटी, खांब आणि वासे यांवर वर्षानुवर्षे चढलेले तैलरंगाचे निळे-हिरवे थर काढून पाहावेत. फणसाचे लाकूड ताजे असताना पिवळे असते आणि काळाबरोबर गडद तपकिरी होत जाते. पन्नास वर्षांच्या फणसाच्या दारावरचा रंग खरवडल्यावर खालून जी छटा निघते ती कोणत्याही डब्यात मिळत नाही. पूर्वी बाहेरच्या लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल, म्हणजे डिंबेल लावत आणि त्याने लाकूड काळेभोर होई. ते तेल कातडीला पोळते, म्हणून घरात हात लागणाऱ्या लाकडाला ते लावू नये. तिथे साधे लाकडाचे तेल किंवा मॅट पॉलिश पुरते.

दुसरी जागा म्हणजे चिरा. एखादी आतली भिंत गिलावा न करता उघडी ठेवली, तर तीच गडद भिंत होते. इथे दरजा भरण्याच्या मसाल्याचा रंग निर्णायक ठरतो. पांढऱ्या दरजांनी प्रत्येक चिरा सुटा दिसतो आणि भिंतीवर जाळे ताणल्यासारखे होते. चिऱ्याच्याच रंगाचा मसाला वापरला तर भिंत एकसंध, भारदस्त राहते आणि शेजारच्या पांढऱ्या भिंतीशी तिची जोडी स्वच्छ दिसते. मला दुसरा प्रकार अधिक आवडतो. चकाकणारे वॉर्निश चिऱ्याला कधीही लावू नये. पाणी रोखायचेच असेल तर सिलेन-सिलोक्सेन जातीचे, पापुद्रा न धरणारे द्रव्य मागावे.

तिसरी जागा म्हणजे भिंतीचा खालचा पट्टा. सारवणाचे शिंतोडे, पावसाळ्यातले चिखलाचे पाय आणि टेकून बसणाऱ्यांच्या पाठी यांमुळे भिंतीचा खालचा हात-दीड हात मळतोच, म्हणून तो गेरूने किंवा कावेने रंगवण्याची पद्धत शहाणपणाची आहे. लोणाही इथेच येतो, हे खरे. पण चुन्यात काव मिसळून दिलेला पट्टा ओल अडवत नाही, आणि लोणा आलाच तर कोरड्या कुंच्याने झाडून पुढच्या उन्हाळ्यात एक हात पुन्हा देता येतो. जुन्या घरात ह्या पट्ट्याची वरची रेघ मारताना नळीच्या लेव्हलने अगदी समपातळीत मारली, तर जमिनीचा उतार आणि तुळईचा बाक उघडा पडतो. अशा वेळी लाइनदोरी तुळईला समांतर धरावी. नव्या बंगल्यात मात्र लेव्हलनेच घ्यावी.

गणपतीची खोली स्वतंत्र असेल आणि तिची मागची भिंत आतली, कोरडी असेल, तर घरातली एकमेव पूर्ण गडद भिंत म्हणून मी तिची निवड करीन. समईची काजळी पांढऱ्या भिंतीवर दरवर्षी काळा ओघळ सोडते; खोल तांबड्या किंवा शिसवी रंगावर ती दिसत नाही, ज्योत अधिक उजळ भासते आणि वर टांगलेल्या माटवीतली (लाकडी चौकटीतली) फळे एकेक करून उठून दिसतात.

स्वयंपाकघरात ओटा गडद आणि भिंत उजळ ठेवावी. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड असल्याने आमसुले, आगळ किंवा लिंबू त्यावर सांडून राहिले तर तिथला काळा रंग फिका पडतो, म्हणून लगेच पुसावे. पांढऱ्या टाइल्समधल्या दरजा पांढऱ्या न ठेवता करड्या भराव्यात, कारण हळद तिथेच धरते.

पायरी ६: जमीन, उंबरठा आणि पायऱ्या

शोभेच्या वर मी सुरक्षितता ठेवतो, म्हणून ही पायरी वगळू नये. पडवीपासून मागच्या दारापर्यंत काळी फरशी दिसायला देखणी असते, परंतु रात्री वीज गेलेली असताना तिच्यावरचा विंचू दिसत नाही. मागील दार, न्हाणीघर आणि लाकडे ठेवायची जागा या ठिकाणी जमीन उजळच असावी. बाकी खोल्यांत जमीन गडद घेतल्यास खालचा गडद पट्टा न देता भिंतीचा पांढरा थेट जमिनीपर्यंत आणावा, म्हणजे खोलीची कड नीट कळते.

उंबरठा आणि पायरीची पुढची धार जमिनीपेक्षा वेगळी दिसलीच पाहिजे. माळ्यावर जाणारा लाकडी जिना सगळा एकाच तपकिरी रंगाचा असतो आणि उतरताना शेवटची पायरी चुकते. प्रत्येक पायरीच्या धारेवर दोन इंच रुंदीचा फिका पट्टा रंगवावा. वर ‘पायरी १’ मध्ये सांगितलेला ३० चा फरक इथे नक्की पाळावा. दिव्याच्या बटणांनाही तोच नियम लावावा, गडद भिंतीवर पांढरी प्लेट आणि उजळ भिंतीवर गडद प्लेट.

पायरी ७: प्रत्यक्ष रंगकाम

भिंत खरवडून, लांबी किंवा पुट्टी भरून, पॉलिश पेपरने घासून झाल्यावर तिरपा टॉर्च धरून तिच्यावरचे उंचवटे पाहावेत. गडद रंग, आणि त्यातही चकाकणारा गडद रंग, प्रत्येक उंचवटा दाखवतो. म्हणून गडद भिंतीला मॅट किंवा अगदी हलकी चमक असलेला रंग घ्यावा. अगदी कोरडा मॅट हात लागला की चमकू लागतो आणि ओरखडा उमटतो, तेव्हा येण्याजाण्याच्या वाटेवर हलक्या चमकेचा घ्यावा. गडद शेडखाली पांढऱ्या प्रायमरऐवजी करडा प्रायमर मारून घ्यावा. पांढऱ्यावर तीन-चार हात दिले तरी डाग राहतात, करड्यावर बहुधा दोन-तीन हातांत काम होते.

सर्व डबे एका मोठ्या बादलीत एकत्र करून मगच सुरुवात करावी, कारण दोन डब्यांतली बारीक तफावत गडद भिंतीच्या मध्यभागी सांध्यासारखी दिसते. भिंत एका दमात, ओली कड राखत संपवावी. जेवणाच्या सुट्टीत अर्धी सोडू नये.

उजळ आणि गडद जिथे भेटतात ती रेघ स्वच्छ येण्यासाठी एक युक्ती आहे. आधी संपूर्ण उजळ रंग करून नीट वाळू द्यावा. मग मास्किंग टेप लावून, तिच्या गडद बाजूच्या कडेवर पुन्हा तोच उजळ रंग बारीक कुंच्याने फिरवावा. टेपखाली जे काही झिरपायचे ते उजळच झिरपते आणि फट बंद होते. तो वाळल्यावर गडद रंगाचे हात द्यावेत आणि शेवटचा हात किंचित ओला असतानाच टेप भिंतीशी कोन करून सावकाश ओढावी.

पायरी ८: दिवे

गडद भिंत उजेड गिळते, त्यामुळे पूर्वीची एकच ट्यूब आता पुरत नाही. छताला मधोमध एक प्रखर दिवा लावण्यापेक्षा उजळ भिंतींकडे तोंड केलेले दोन-तीन छोटे दिवे लावावेत. लाकूड, काव आणि चिरा यांना २७०० ते ३००० केल्व्हिनचा उबदार उजेड मानवतो. ६५०० केल्व्हिनच्या निळसर दिव्याखाली तांबडा रंग मळकट दिसतो. पाकिटावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, ९० च्या पुढे असेल तो दिवा घ्यावा. गडद चिऱ्याच्या भिंतीवर वरून, भिंतीला अगदी जवळून, खाली उजेड सोडला की प्रत्येक छिद्राची सावली पडते आणि दगडाचा पोत जिवंत होतो.

पायरी ९: दरवर्षीचे काम

दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, गडद भिंती सुक्या मऊ फडक्याने पुसाव्यात; ओल्या फडक्याने खारट धुळीचे पट्टे उमटतात. पांढऱ्या भिंतींचे कोपरे, कपाटांची मागची बाजू आणि फोटोंच्या फ्रेमखालची जागा बुरशीसाठी पाहावी. लोखंडी गजांना गडद रंग दिला असेल तर त्यांचे खालचे टोक नखाने टोकरून पाहावे, कारण पांढऱ्या गजावर गंज लगेच ओघळतो, पण गडद रंगाखाली तो लपून आतल्या आत लोखंड खातो.

काम संपताना उरलेल्या गडद रंगातला अर्धा लिटर काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, बरणीवर शेडचा क्रमांक, खोलीचे नाव आणि तारीख लिहून ठेवावी. गडद रंग उन्हाने हळूहळू उतरतो, म्हणून दोन-तीन वर्षांनी खिळ्याचे भोक बुजवायची वेळ आली की तो थेट भिंतीच्या मधोमध न लावता आधी दाराआडच्या कोपऱ्यात बोटभर लावून, वाळल्यावर जुळतो की नाही ते पाहावे.